समजून घ्या : पालीच्या बल्लाळेश्वरावर सूर्यकिरण नेमके कधी पडतात आणि मोबाइलच्या फोटोत तो प्रकाश का हरवतो?

हिवाळ्यात उगवत्या सूर्याचे किरण बल्लाळेश्वराच्या मूर्तीवर पडतात, असे सांगितले जाते. कोल्हापूरचा किरणोत्सव तर सर्वपरिचित आहे. यामागचे गणित काय? आणि डोळ्यांना दिसणारा तो प्रकाश मोबाइलच्या छायाचित्रात टिकवायचा असेल, तर नेमके काय करावे लागते?

रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्याचे ठिकाण असलेले पाली अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वरासाठी ओळखले जाते. वर्षभर येथे भाविकांची ये-जा असते. माघी आणि भाद्रपदी उत्सवात तर पाय ठेवायला जागा नसते. येणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेला फोन असतो. मात्र घरी जाऊन फोटो पाहिले की एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘तिथे वाटलं तसं यात काही दिसत नाही.’

यात फोन स्वस्त की महाग हा प्रश्न सहसा नसतो. छायाचित्राचा मुख्य घटक वस्तू नसून प्रकाश असेल, तेव्हा फोनची स्वयंचलित यंत्रणाच आड येते. पालीसारख्या ठिकाणी हे लगेच लक्षात येते, कारण येथील मंदिराच्या रचनेतच प्रकाशाचा विचार आहे.

मंदिराची रचना कशी आहे?

बल्लाळेश्वराचे मंदिर पूर्वाभिमुख आहे. शेजारचे धुंडीविनायकाचे मंदिर मात्र पश्चिमाभिमुख आहे. मूळ मंदिर लाकडी होते. पेशवेकाळात त्या जागी दगडी मंदिर उभे राहिले आणि त्याचे श्रेय नाना फडणवीसांना दिले जाते. मंदिराला आतला आणि बाहेरचा असे दोन गाभारे असून पुढे सभामंडप आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ मधील मोहिमेनंतर आणलेल्या घंटांपैकी एक येथे आहे.

मूर्तीच्या डोळ्यांत आणि नाभीत हिरे बसवलेले असल्याचे सांगितले जाते. प्रकाशाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. अंधाऱ्या गाभाऱ्यात शेंदूरचर्चित मूर्ती उजेड पसरवून परत पाठवते, पैलू पाडलेला खडा मात्र तो एका बिंदूत परत पाठवतो. त्यामुळे थोडासा उजेड आला तरी आधी डोळे चमकतात. माणसाच्या छायाचित्रातही डोळ्यांतला तो पांढरा ठिपका नसेल, तर चेहरा निर्जीव वाटतो. तत्त्व तेच आहे.

सूर्य रोज थेट पूर्वेला उगवत नाही, मग किरण आत कसे येतात?

सूर्य वर्षातून दोनदाच, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास, अगदी पूर्वेला उगवतो. पाली सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या अक्षांशावर २१ जूनला सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि २१-२२ डिसेंबरला पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला. होकायंत्राच्या भाषेत सांगायचे तर जूनमध्ये ६५ अंशांवर, सप्टेंबरमध्ये ९० अंशांवर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १०५ अंशांवर आणि डिसेंबरअखेर ११५ अंशांवर.

या ५० अंशांच्या पट्ट्यातील एखाद्या ठरावीक दिशेकडे दरवाजा आणि मूर्ती यांची रेषा असेल, तर त्या दिशेला सूर्य उगवेल त्याच दिवसांत किरण मूर्तीपर्यंत पोहोचतील. म्हणून ‘दक्षिणायनात किरण पडतात’ या वाक्याचा अर्थ सहाही महिने रोज पडतात असा होऊ शकत नाही. दक्षिणायन जूनअखेरीस सुरू होऊन डिसेंबरअखेरीस संपते. या काळात उगवतीची जागा रोज थोडी थोडी दक्षिणेकडे सरकत असते.

मात्र ती सारख्या वेगाने सरकत नाही. सप्टेंबरअखेर ती रोज सुमारे ०.४ अंश सरकते. सूर्याचे बिंब आपल्याला सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, म्हणजे रोज जवळपास एक बिंबभर सरकण्याचा हा वेग झाला. याउलट ११ ते ३१ डिसेंबर या तीन आठवड्यांत उगवतीची जागा मिळून जेमतेम अर्धा अंश हलते. झोपाळा टोकाला गेला की क्षणभर थांबतो आणि मगच परततो, तसे हे आहे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक मंदिर घेऊ. दरवाजा ३ फूट रुंद आणि मूर्ती त्यापासून ४० फुटांवर. मूर्तीच्या जागेवरून हा दरवाजा सुमारे ४.३ अंश रुंद दिसतो. ही रेषा थेट पूर्वेला असेल तर सूर्य या फटीतून सुमारे १० दिवसांत निघून जाईल. पण दरवाजाची एक कड डिसेंबरअखेरच्या टोकाशी जुळवली असेल, तर तेवढ्याच फटीतून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने किरण येत राहतील. हिवाळी अयनदिनाकडे तोंड असलेल्या रचनेचा हा फायदा. दोन दिवस धुके पडले तरी संधी जात नाही.

मग सकाळी नेमका किती वेळ मिळतो?

फार थोडा. डिसेंबरात पालीच्या परिसरात सूर्योदय सातच्या आसपास होतो आणि त्यानंतर सूर्य तासाला सुमारे १३ अंश या वेगाने वर चढतो. सूर्य क्षितिजावर असताना किरण जमिनीला जवळजवळ समांतर असतो, त्यामुळे तो सर्वांत खोलवर आणि सर्वांत उंचीपर्यंत जातो. सूर्य वर चढला की किरण खाली झुकतो. उजेडाची वरची कड मूर्तीवरून खाली उतरते, मग पायाशी येते आणि शेवटी फरशीवरून दरवाजाकडे माघार घेते.

वरच्या काल्पनिक मंदिरात दरवाजा ६ फूट उंच आणि मूर्तीचा मध्यभाग २ फुटांवर धरला, तर हा खेळ सूर्योदयापासून सुमारे २५ मिनिटांत संपतो. शिवाय समोर डोंगर किंवा इमारत असेल तर सूर्य उशिरा दिसतो. क्षितिज १ अंशाने उंचावले की सुमारे साडेचार मिनिटे कमी होतात. समोरचा अडथळा ६ अंशांचा असेल, तर सूर्य दिसेपर्यंत किरणाची वेळ टळून गेलेली असते.

कोल्हापूरचा किरणोत्सव मोजकेच दिवस का असतो?

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. त्याच्या पारंपरिक तारखा ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी अशा आहेत. या तारखा सुट्या वाटल्या तरी त्यांचा परस्परसंबंध आहे. १० नोव्हेंबर हा दिवस २१-२२ डिसेंबरच्या साधारण ४२ दिवस आधी येतो, तर १ फेब्रुवारी साधारण ४२ दिवसांनी. जाताना आणि येताना सूर्य त्याच दिशेला मावळतो, म्हणून किरण वर्षातून दोनदा येतात.

या काळात मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंश सरकते. किरणांचा मार्ग लांब आणि अरुंद असल्याने ही संधी काही दिवसांतच संपते. येथे प्रकाशाचा क्रमही उलटा असतो. सूर्य खाली जाईल तसा किरण आडवा होत जातो, त्यामुळे उजेड आधी चरणांवर येतो आणि मग वर चढतो.

इतका नाजूक मेळ बिघडायला वेळ लागत नाही. ढग, धुळीचा थर आणि किरणांच्या वाटेतील वाढती बांधकामे यांमुळे किरणोत्सव अपुरा राहण्याचा विषय कोल्हापुरात वर्षानुवर्षे चर्चेत आहे. पूर्वाभिमुख असो वा पश्चिमाभिमुख, अशा प्रत्येक मंदिराला हा धोका आहे. मंदिराचा एक दगडही न हलवता, समोरच्या बाजूला मजले चढले की त्याची प्रकाशयोजना बंद पडू शकते.

डोळ्यांना दिसते ते मोबाइलमध्ये का येत नाही?

याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण फोनच्या मोजमापाचे. समोर काय आहे हे फोनला कळत नाही असे समजा. त्याला फक्त एकूण उजेड मोजता येतो आणि तो सरासरी दृश्य मध्यम करड्या छटेपर्यंत आणू पाहतो. अंधाऱ्या गाभाऱ्यात चौकटीचा बहुतांश भाग काळा असतो. फोनला वाटते, ‘उजेड कमी आहे’, म्हणून तो सगळेच उजळ करतो. परिणामी अंधार करडा होतो आणि जिथे किरण पडला आहे ती जागा पांढरीफटक पडते. एकदा पांढरीफटक पडली की त्या जागेतला तपशील नंतर कोणत्याही ॲपने परत येत नाही.

दुसरे कारण उजेडातील तफावतीचे. दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. घरातील दिवाणखान्यात रात्री १०० ते २०० लक्स असतो आणि नुसत्या समयांवर उजळलेल्या खोलीत त्याहून कितीतरी कमी. डोळा एका जागेवरून दुसरीकडे फिरताना स्वतःला जुळवून घेतो. फोनच्या इवल्याशा सेन्सरला हा सगळा पल्ला एका झटक्यात पेलत नाही.

तिसरे कारण म्हणजे फोनची हुशारी. नवे फोन एका फोटोसाठी एकापाठोपाठ अनेक चौकटी टिपतात आणि त्या एकत्र करून अंधारातले उजळ करतात, उजेडातले दाबतात. वाढदिवसाच्या फोटोला हे उपयोगी आहे. पण ज्या दृश्यात उजेड आणि अंधार यांतला फरक हाच विषय आहे, तिथे ही प्रक्रिया विषयच पुसून टाकते. ‘नाइट मोड’मध्ये तर समईच्या उजेडातली खोली ट्यूबलाइट लावल्यासारखी दिसते.

मराठीत फोटोला ‘छायाचित्र’ म्हणतात आणि ‘प्रकाशचित्र’ही म्हणतात. एकाच गोष्टीची ही दोन्ही नावे बरोबर आहेत. सावली काढून टाकली तर प्रकाश दाखवण्यासाठी काही उरत नाही.

फोनला आवरायचे कसे?

यासाठी वेगळे ॲप लागत नाही. पुढील चार गोष्टी बहुतेक फोनमध्ये आहेत.

• उजेडावर बोट ठेवा. स्क्रीनवर ज्या जागी प्रकाश पडला आहे तिथे बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेडाचे माप तिथे ‘लॉक’ होते.

• सूर्याचे चिन्ह खाली ओढा. बाजूला दिसणारे छोटे सूर्याचे चिन्ह किंवा पट्टी खाली सरकवा. उजळ भागातला तपशील दिसू लागेपर्यंत फोटो काळोखा करा. स्क्रीनवर तो ‘जरा जास्तच काळा’ वाटेल. तो तसाच असू द्या.

• नाइट मोड बंद करा. एचडीआर बंद करण्याची सोय असेल तर तेही बंद करून पाहा. दोन्ही प्रकारे एकेक फोटो काढून फरक ताडून पाहा.

• प्रो मोड असल्यास आयएसओ कमी ठेवा. १०० ते ४०० या दरम्यान. त्यामुळे फोटोत दाणे येत नाहीत आणि काळा रंग काळाच राहतो. शटर मंद होत असल्याने फोन खांबाला किंवा भिंतीला टेकवून धरा.

किरण हवेत ‘दिसतो’ तो मात्र हवेतल्या कणांमुळे. उदबत्तीचा किंवा धुपाचा धूर, धूळ, धुके यांच्यावर आपटून प्रकाश आपल्याकडे वळतो. शाळेत शिकलेला टिंडाल परिणाम तो हाच. स्वच्छ हवेतून जाणारी तिरीप कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाही.

प्रकाश कोणत्या बाजूने आला तर काय बदलते?

प्रकाशाचा विचार करताना पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसतो, ‘कुठून?’ हा असतो. पालीच्या आसपास एका दिवसात याचे तिन्ही धडे मिळतात.

समोरून येणारा प्रकाश सगळे दाखवतो, पण सगळे सपाट करतो. पाठीमागे ऊन घेऊन काढलेला मंदिराचा किंवा माणसाचा फोटो ओळखपत्रासारखा होतो, कारण सावल्या वस्तूच्या मागे लपतात.

बाजूने येणारा प्रकाश पोत दाखवतो. पालीच्या डोक्यावर असलेल्या सरसगडाच्या कातळात कोरलेल्या उंच पायऱ्या दुपारी बाराला पाहिल्या तर काळ्या दगडाची एक भिंत दिसते. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना प्रत्येक पायरीच्या कडेला उजेड आणि खाचेत सावली पडते. छिन्नीचे घावही मोजता येतात. येथे एक काळजी घ्यावी लागते. काळा कातळ प्रकाश कमी परत पाठवतो, त्यामुळे फोन तो करडा करून दाखवतो. उजेडाची पट्टी थोडी खाली ओढली की दगड पुन्हा दगडासारखा दिसतो. सुधागड तालुक्यातच असलेल्या ठाणाळे लेण्यांतही हेच तत्त्व चालते. प्रकाश फक्त दर्शनी बाजूने आत येतो, त्यामुळे तोंडाकडून आत जाल तसतसा उजेड टप्प्याटप्प्याने मावळत जातो.

मागून येणारा प्रकाश आकार आणि कडा दाखवतो. पालीपासून जवळच असलेल्या उन्हेरे येथील गरम पाण्याच्या कुंडांवर थंडीच्या सकाळी वाफ दिसते. सूर्य आपल्या पाठीशी असेल तर ती वाफ फोटोत जवळपास नाहीशी होते. तोच सूर्य वाफेच्या मागे घेतला की प्रत्येक लहर उजळते. मागे गडद झाडी असेल तर परिणाम आणखी ठळक होतो. भाताच्या लोंब्या, केळीची पाने, पावसाच्या सरी आणि लहान मुलांचे केस हेही मागून आलेल्या उजेडातच खुलतात.

पावसाळ्यात यातले काहीच नसते, असे वाटेल. ढगांनी झाकलेले कोकणचे आकाश हा एक भलामोठा दिवा असतो. प्रकाशाचा स्रोत वस्तूच्या मानाने जितका मोठा तितक्या सावल्या मऊ. सूर्य आकाशात अर्धा अंशच जागा व्यापतो, म्हणून त्याच्या सावल्या धारदार असतात. ढग सगळे आकाश व्यापतात, म्हणून चेहऱ्यांचे फोटो काढायला पावसाळी दिवस सर्वांत सोयीचा. फक्त चौकटीत पांढरे आकाश घेणे टाळावे.

समई-निरांजनाच्या उजेडात फोटो कसा काढावा?

निरांजनाच्या ज्योतीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्विनचा, म्हणजे गर्द नारिंगी असतो. दुपारचे ऊन सुमारे ५,५०० केल्विन, तर सावलीतला उजेड त्याहून निळसर. फोन मात्र हा नारिंगीपणा ‘चूक’ समजून दुरुस्त करतो आणि दिव्याचा उजेड पांढरा करून टाकतो. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवला, तर ज्योतीची ऊब टिकते.

दुसरी गोष्ट अंतराची. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १ फुटावर जितका उजेड असेल, त्याच्या चौथा हिस्सा २ फुटांवर आणि नववा हिस्सा ३ फुटांवर पोहोचतो. म्हणून ओवाळणाऱ्या आईचा चेहरा दिव्यापासून फूटभर अंतरावर असेल तर तो उजळतो आणि मागची भिंत आपोआप अंधारात जाते. दिवा चेहऱ्याजवळ घेतला की पार्श्वभूमी काळी होते. चेहरा आणि दिवा दोन्ही भिंतीजवळ गेले की पसाराही दिसू लागतो.

याचा सर्वांत सुंदर धडा छायाचित्रात नसून एका चित्रात आहे. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील कलादालनात आहे. अनेकजण ते चुकून राजा रविवर्मा यांचे समजतात. हातात दिवा घेतलेली एक स्त्री दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करते आहे, एवढेच त्यात आहे. चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता यांनी उभे राहून दिले होते. यात ज्योत जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ती बोटांमधून पाझरणारी लाली आणि खालून उजळलेला चेहरा. दिव्याचा फोटो काढताना हीच युक्ती वापरता येते. ज्योत हाताआड किंवा कुणाच्या खांद्याआड ठेवा आणि तिने उजळलेल्या वस्तूचा फोटो काढा. ज्योतच चौकटीत असेल तर फोन तिच्यासाठी सगळे काळे करतो किंवा तिचा पांढरा गोळा करून ठेवतो.

प्रकाश हवा तसा वळवता येतो का?

येतो, आणि त्यासाठी खर्चीक साहित्य लागत नाही. भारतीय सिनेमातील दोन प्रसिद्ध उदाहरणे हेच सांगतात.

गुरुदत्त यांच्या १९५९ मधील ‘कागज के फूल’मध्ये अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत आहे. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तो दिव्यांनी उभा केला नव्हता. मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत मोठे आरसे लावून बाहेरचे ऊन आत वळवले गेले आणि हवेतल्या धुराने त्याला आकार दिला. मूर्ती यांना पुढे २००८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले छायालेखक.

सत्यजित राय यांच्या १९५६ मधील ‘अपराजितो’साठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी याच्या उलटे केले. बनारसच्या घरातील चौकाचा देखावा स्टुडिओत उभारला होता. तिथे वरून येणारा मऊ उजेड हवा होता. त्यांनी वर पांढरे कापड ताणले, दिवे त्या कापडावर रोखले आणि परतून येणाऱ्या उजेडात चित्रीकरण केले.

घरात हेच दोन्ही प्रयोग होतात. खिडकीशी बसलेल्या आजीच्या चेहऱ्याची अंधारातली बाजू थोडी उजळायची असेल, तर त्या बाजूला थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरा टॉवेल धरावा. त्याच जागी काळी शाल धरली तर सावली आणखी गडद होते. आणि लहान आरशाने उन्हाचा कवडसा गणपतीच्या मखरावर पाडता येतो.

एलईडीच्या रोषणाईत फोटोवर काळे पट्टे का येतात?

आपल्याकडे वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो. स्वस्त एलईडी माळा आणि दिवे त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. शटर फार वेगवान असेल तर काही ओळी दिवा तेज असताना आणि काही मंद असताना वाचल्या जातात. तेच हे पट्टे. प्रो मोडमध्ये शटर सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग ठेवले की ते सहसा जातात. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘५० हर्ट्झ’ हा पर्याय असेल तर तो निवडावा.

फ्लॅश वापरावा का? मंदिरात फोटो काढता येतो का?

अंतराच्या वर्गाचा नियम फ्लॅशलाही लागू आहे. फोनचा फ्लॅश काही फुटांपलीकडे निष्प्रभ होतो. ३० फुटांवरच्या मूर्तीपर्यंत तो पोहोचत नाही, पण पुढे उभ्या असलेल्यांच्या डोक्यांवर मात्र पांढरा पडतो. शिवाय मूळ प्रकाशाची दिशा आणि रंग दोन्ही तो पुसतो. आणि दर्शनासाठी तासभर रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो लख्खकन चमकतो, हे सर्वांत वाईट.

गाभाऱ्यात फोटो काढण्याबाबत प्रत्येक देवस्थानाचे नियम वेगळे असतात. फलक पाहावा, पुजारी किंवा व्यवस्थापनाला विचारावे आणि नाही म्हटले तर फोन खिशात ठेवावा. ज्या २५ मिनिटांत किरण आत येतो, त्याच वेळी पूजाही चालू असते. अशा वेळी बाहेर करण्यासारखे बरेच असते. सभामंडपाच्या खांबांवर सरकणारा उजेड, फरशीवर पडलेल्या लांब सावल्या, दारात पाठमोऱ्या उभ्या माणसाची कड, सरसगडाचा सावलीतला आकार. यांतले काहीही गाभाऱ्यात न जाता टिपता येते.

अशा छायाचित्राचा उपयोग काय?

एक उपयोग घरातल्यांना दाखवण्याचा. दुसरा फारसा लक्षात घेतला जात नाही. फोनमधल्या प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ आणि परवानगी दिली असल्यास ठिकाणही नोंदले जाते. एकाच जागेवरून, त्याच तारखेला, दरवर्षी काढलेला फोटो म्हणजे किरण किती वाजता आला, कुठपर्यंत पोहोचला आणि किती वेळ टिकला याचा पुरावा असतो. समोर नवे बांधकाम झाल्यावर किरण पाच मिनिटे उशिरा आला, तर तो बदल तोंडी सांगण्यापेक्षा अशा फोटोंतून दाखवता येतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवताना ही माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी.

पालीच नव्हे, आपल्या गावातल्या कोणत्याही जुन्या मंदिरात हे करता येते. फोनमधले होकायंत्र दरवाजात धरून मंदिराच्या तोंडाची दिशा पाहावी. लोखंडी ग्रीलजवळ ते चुकीचे दाखवते, तेव्हा थोडे दूर उभे राहावे. आपल्या भागात आकडा ६५ ते ११५ च्या दरम्यान आला, तर वर्षातून कधीतरी उगवता सूर्य त्या दाराच्या अगदी समोर येतो. २४५ ते २९५ आला तर मावळता. ९० च्या जवळ असेल तर मार्च आणि सप्टेंबर, ११५ च्या जवळ असेल तर डिसेंबर. त्या आठवड्यात सूर्योदयाच्या १५ मिनिटे आधी तिथे पोहोचावे, फोन भिंतीला टेकवावा आणि पहिला फोटो काढण्याआधी उजेडाची पट्टी खाली ओढून ठेवावी.